करपा दिसण्याआधीचे दिवस

टोमॅटोच्या पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव आली होती. इतकी विरळ, की आधी मला ते कोळ्याचं जाळं वाटलं. बोट फिरवलं तर पुसून गेली. पान सरळ केलं. वरच्या अंगाला त्याच जागी काळपट, ओलसर डाग होता, उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकाच्या पानासारखा. डागाभोवती फिकट हिरवी कड होती आणि उरलेलं पान अगदी निरोगी. आदल्या दिवशी हे पान पूर्ण हिरवं होतं, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं.

ही गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरअखेरची. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी राज्यात अवकाळी पाऊस झाला, नाशिककडे गारा पडल्या. पुण्यात आमच्या गच्चीवर गारा आल्या नाहीत, पण आभाळ भरून राहिलं, मधूनमधून भुरभुर, सकाळी धुकं. शुक्रवारी ते पान दिसलं. शनिवारी तसे डाग सात-आठ पानांवर होते, रविवारी देठांवर आणि खोडांवर तपकिरी पट्टे आले. मंगळवारी माझ्या अकरा झाडांपैकी नऊ झाडं अशी दिसत होती की कुणी रात्री येऊन त्यांच्यावर गरम पाणी ओतून गेलं असावं. फळं झाडावरच होती, हिरवी, टणक, काही नुकती पिवळसर होऊ लागलेली. त्यांच्या खांद्यावर तेलकट तपकिरी चट्टे उमटले होते.

शनिवारीच मी मामेभावाला फोन केला होता. माझं आजोळ जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे. तिथे मामांनी टोमॅटो केला, आता मामेभाऊ करतो.

"ताई, फोटो पाठव," तो म्हणाला. "पानाचा नको. पानाच्या खालच्या अंगाचा."

फोटो गेला. दोन मिनिटांत त्याचा फोन.

"तुझ्याकडं पाऊस कधी झाला?"

"रविवारी."

"मग रविवारीच आलाय तो. तुला आत्ता दिसला."

मी विचारलं, काय मारू? कुठलं औषध आणू? तो जरा थांबला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, पण अशा वेळी त्याचा आवाज थेट मामांसारखा होतो. "काही मारू नको आता. उपट. सगळी उपट, आणि पिशवीत भर. गच्चीवर पसरून ठेवू नको."

मी उपटली नाहीत. आणखी तीन दिवस वाट पाहिली, डाग पडलेली पानं खुडत राहिले, ताक पाण्यात कालवून फवारलं. ताकाने माझ्या झाडांना काहीही झालं नाही, ना बरं ना वाईट. मंगळवारी मात्र उपटण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तो म्हणजे करपा, पान जळाल्यासारखं करणारा रोग. "रविवारीच आलाय तो" हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं ते राहिलंच. आपण झाडाचा आजार बघतो तो आजाराचा पहिला दिवस नसतोच. तो चौथा, पाचवा, कधी सहावा दिवस असतो. तेवढे दिवस तो पानाच्या आत असतो आणि पान बाहेरून हिरवंगार, तजेलदार दिसतं. त्या पाच दिवसांत मी रोज गच्चीवर गेले होते. रोज झाडांना हात लावला होता, फळं मोजली होती.

त्या वर्षीच्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला, काही ठिकाणी दीडशेच्याही पुढे. तेव्हा मी नर्सरीतून रोपं आणली. रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे मिळवले, तळाला भोकं पाडली, शेणखत, कोकोपीट आणि निंबोळी पेंड घालून भरले. माती मात्र नवी आणली नाही. आदल्या वर्षी दोन कुंड्यांत टोमॅटो आणि एका कुंडीत वांगं होतं, ती माती सगळ्या डब्यांत वाटून टाकली. माती वाया घालवायची नाही, ही आमच्या घरची शिकवण. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडं आहेत आणि त्यांचे बरेच आजारही सामाईक आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी मनावर घेतलं असतं का, कोण जाणे.

गणपतीच्या सुमारास खालची पानं पिवळी पडू लागली. त्यांवर तपकिरी ठिपके होते. भिंग धरून पाहिलं तर ठिपक्यात एकात एक वर्तुळं, लाकडाच्या ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी. मला वाटलं, जुनी पानं आहेत, गळायचीच. खत कमी पडलं असेल म्हणून गांडूळखत वाढवलं. पानं वाळत वाळत वर सरकली, झाडं कमरेपर्यंत उघडी पडली, आणि वरचा आडोसा गेल्यामुळे फळांच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरट चट्टे आले. तरी त्या झाडांनी बारा-तेरा किलो टोमॅटो दिले. म्हणून मी त्या ठिपक्यांना आजार म्हटलंच नाही.

तोही करपाच होता. शेतकरी त्याला लवकर येणारा करपा म्हणतात. अल्टरनेरिया नावाची बुरशी. ती जुन्या पालापाचोळ्यात आणि मातीत टिकून राहते, पाण्याच्या थेंबाबरोबर मातीतून उडून सगळ्यात खालच्या पानावर बसते, उष्ण आणि दमट हवेत वाढते आणि सावकाश वर चढते. तिच्याशी झगडायला दिवस मिळतात. नोव्हेंबरात आला तो उशिरा येणारा करपा. नावात 'उशिरा' असलं तरी त्याची घाई वेगळीच. त्याला थंडी लागते, धुकं लागतं, ढग लागतात. पंधरा ते बावीस अंशांची हवा आणि काही तास ओलं राहिलेलं पान एवढं त्याला पुरतं. दोघांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, कारण दोन्हींत पान शेवटी करपतं, जळाल्यासारखं दिसतं. पण एक सरपटत येतो आणि दुसरा वाऱ्यावर.

उशिराच्या करप्याबद्दल वाचत गेले तसतशी त्या पांढऱ्या लवेची मला धास्ती वाटू लागली. ती खरं म्हणजे बुरशीसुद्धा नाही. दिसते बुरशीसारखी, पण तिचं नातं शैवालांशी जवळचं. त्या लवेच्या टोकांवर लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या वाऱ्याने लांब जातात, ओल्या पानावर पडतात, आणि हवा थंड असली की फुटतात. प्रत्येकीतून शेपट्या असलेले बीजाणू बाहेर येतात आणि पानावरच्या दवाच्या पातळ थरात चक्क पोहतात. पोहत पोहत जागा शोधतात आणि पानात शिरतात. पान कोरडं असेल तर हे काहीच होत नाही. म्हणजे सगळा प्रश्न पानावरच्या त्या पाण्याचा.

आणि ते पाणी मीही घालत होते. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी सात वाजता, झारीने, वरून. दिवसभर तापलेल्या झाडांना आंघोळ घालावी तसं. पानांवरून थेंब ओघळताना बघून दिवसाचा शीण उतरायचा. ती झाडं रात्रभर ओली राहायची. शिवाय झाडं दाट, डबे एकमेकांना चिकटलेले, पानं एकमेकांत गुंतलेली, कारण मला बगलफूट काढवत नसे. देठ आणि खोडाच्या बेचक्यातून कोवळा फुटवा येतो, त्याला आपला आपण कळा लागतो, तो कसा मोडायचा? माझ्या मायेने त्या झाडांमधली हवा बंद केली होती. अवकाळी पाऊस माझ्या हातात नव्हता. झारी होती.

या रोगाचं शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. ग्रीकमध्ये फायटोफ्थोराचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारा. १८४५ मध्ये हाच रोग आयर्लंडच्या बटाट्यावर आला. तिथली गरीब कुटुंबं जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत. पुढच्या काही वर्षांत उपासमारीने आणि तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दुष्काळामागे राज्यकर्त्यांचीही पापं होती, नुसत्या रोगाची नव्हती. पण मला त्यातली एक गोष्ट विशेष लागली. त्या वेळच्या पुष्कळ जाणत्या माणसांना वाटत होतं की बटाटा आधी दमट हवेने सडतो आणि मग त्यावर ही लव येते. १८४६ मध्ये माइल्स बर्कली या इंग्लिश पाद्र्याने लिहिलं की नाही, लव हेच कारण आहे. त्याचं बहुतेकांनी ऐकलं नाही. जर्मनीच्या आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोग करून ते सिद्ध केलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यांनीच पुढे १८७६ मध्ये रोगाला हे नाव दिलं.

औषध सापडायला तर त्याहून वेळ लागला, आणि सापडलं द्राक्षाच्या मळ्यात. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुन्याचं पाणी शिंपडत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या वेलींना पानं आहेत आणि आतल्या वेली रोगाने झडल्यात. १८८५ मध्ये त्यांनी त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तेच बोर्डो मिश्रण. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो हा शब्द सांगावा लागत नाही. डावणी, म्हणजे द्राक्षाचा असाच पांढऱ्या लवेचा रोग, येऊ नये म्हणून त्याच्या बागेत निळसर पानं दिसतात ती त्याचीच.

पण बोर्डो पानावर बसतो, पानात शिरत नाही. बीजाणू पानावर उतरण्याआधी तो तिथे हवा. साध्या तांब्याच्या औषधांचं हे असंच आहे. आत शिरणारी, आंतरप्रवाही औषधंही मिळतात, पण तीसुद्धा पहिल्या एक-दोन दिवसांतच खरी कामाची, आणि घरच्या गच्चीवर, जिथे नातवंडं खेळतात, तिथे ती मला नको होती. म्हणून मामेभाऊ "काही मारू नको" म्हणाला. त्याच आठवड्यात त्याची सव्वा एकर टोमॅटोची बाग उभी होती. तो शनिवारी, म्हणजे पावसाच्या आदल्या संध्याकाळी, आभाळ बघून फवारणी घेऊन मोकळा झाला होता. अंधार पडेपर्यंत पाठीवर पंप घेऊन दोघं नवरा-बायको बागेत होती. पावसानंतर वाफसा येताच, म्हणजे जमीन पाय ठेवण्याजोगी सुकताच, पुन्हा एकदा. त्याची बाग डागांवर निभावली.

मी त्याला विचारलं होतं, तुला कसं कळतं?

"आम्ही पानाकडं बघतच नाही ताई. पानाकडं बघितलं म्हणजे गेलं. आम्ही आभाळाकडं बघतो."

हे तो फुशारकीने म्हणाला नाही, थकून म्हणाला. आभाळ बघून घेतलेली फवारणी म्हणजे औषधाचा, डिझेलचा, मजुरीचा खर्च, आणि पाऊस आलाच नाही तर तो खर्च तसाच अंगावर. पाऊस आला आणि फवारणी नसेल तर प्लॉट गेला. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला काय भाव मिळणार, हे तर दोन्ही बाजूंनी अंधारात. त्याच वर्षी जुलैत टोमॅटोची बातमी पहिल्या पानावर होती आणि सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तेच टोमॅटो रस्त्यावर ओतले. शहरात बसून आम्ही भाव चढल्याची चर्चा दोन महिने केली. पडल्याची दोन दिवससुद्धा केली नाही. मीही केली नाही, माझ्या डब्यांत तेव्हा फुलं लागली होती.

भाव आणि करपा यांचा एक संबंध त्याने सांगितला, तो मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता. भाव पडला की शेजारचा शेतकरी बाग सोडून देतो. तोडा करायची मजुरीसुद्धा निघत नाही, मग फवारणी कोण करेल? झाडं बांबूवर तशीच उभी राहतात. त्यांच्यावर करपा येतो, फळं सडतात, आणि तिथून उठलेला रोग वाऱ्याबरोबर सगळ्या शिवारात फिरतो. सोडून देणाऱ्याला बोल लावता येत नाही, कारण पुढच्या हंगामात तीच वेळ आपल्यावर येऊ शकते. "बांध आहे म्हणून रोग थांबत नाही," तो म्हणाला.

म्हणून मंगळवारी झाडं उपटली तेव्हा माझ्यासमोर आणखी एक काम होतं. दोन मजले खाली चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत तीन टोमॅटो आणि दोन बटाट्याची झाडं होती. रोपं मीच दिलेली. शुक्रवारपासून काकू मला दिसत होत्या आणि मी बोलले नव्हते. आजारी झाडं घरात आहेत हे सांगायला मला विनाकारण लाज वाटत होती, जणू घराची अस्वच्छता उघडी पडणार. शेवटी खाली गेले. काकूंनी बॅटरीच्या उजेडात पान उलटलं. पांढरी लव होती. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मला शनिवारीच सांगायचं होतंस." त्या दिवसांत मी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत मला हेच जास्त लागलं.

आम्ही दोघींनी मिळून झाडं काळ्या पिशव्यांत भरली, तोंडं घट्ट बांधली आणि दोन दिवस उन्हात ठेवून मग कचऱ्यात दिली. माझ्या खताच्या पिंपात एकही पान टाकलं नाही. पिंप पुरेसं तापत नाही आणि पहिल्या करप्याची बुरशी तर त्या पाल्यात सहज पुढच्या वर्षाची वाट बघत बसली असती.

उपटण्याआधी चांगली फळं वेगळी काढली. एकेक हातात घेऊन, देठाजवळ नीट बघून. बोटाच्या टोकाएवढा तपकिरी डाग असला तरी बाजूला, कारण असं फळ टोपलीत दोन दिवसांत सडतं आणि शेजारच्यालाही सडवतं. निरोगी निघाली साडेतीन किलो, जवळजवळ सगळी हिरवी. थोडी पिवळट होती ती कागदात गुंडाळून पिकल्या केळ्याबरोबर ठेवली, ती आठवड्यात लाल झाली. उरलेल्याची चटणी. आईच्या पद्धतीने: लोखंडी तव्यावर तेलात लसूण आणि हिरव्या मिरच्या परतायच्या, मग हिरव्या टोमॅटोच्या जाड फोडी, त्यांच्या कडा काळ्या होईपर्यंत हलवायच्या नाहीत. भाजलेले तीळ, शेंगदाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर गूळ. खलबत्त्यात भरडच ठेवायची. हिरव्या टोमॅटोचा आंबटपणा पिकलेल्यासारखा गोडाकडे झुकत नाही, तो जिभेच्या कडांना लागतो. काकूंना वाटीभर दिली. भाकरीबरोबर ती चटणी आम्ही आठ दिवस खाल्ली आणि मला प्रत्येक घासाला ती झाडं आठवली. मी त्यांच्याशी फार चांगली वागले होते, पण नीट वागले नव्हते.

पुढच्या एप्रिलमध्ये डब्यांतली सगळी माती गच्चीवर पसरली, ओली केली, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबल्या. सहा आठवडे ती माती पुण्याच्या उन्हात तापली. त्या मातीत टोमॅटो लावला नाही, मेथी आणि गवार लावली. टोमॅटोला नवी माती आणली. झाडं अकरावरून पाचावर आणली. दोन डब्यांत हात सहज फिरेल एवढं अंतर. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेलं अर्का रक्षक लावलं, ते लवकरच्या करप्याला बऱ्यापैकी तोंड देतं. उशिराच्या करप्याची हमी ते देत नाही. मातीवर नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन, म्हणजे पाणी घालताना माती उडत नाही. पाणी सकाळी, बुंध्याशी, मगाने. झाड गुडघ्याच्या वर गेलं की मातीला टेकणारी खालची पानं कात्रीने काढते, एका झाडाची झाली की कात्री स्पिरिटने पुसते. बगलफूट बोटभर असतानाच मोडते. पहिल्या वर्षी ती मोडताना हात थबकायचा, आता थबकत नाही. मोडलेल्या देठाचा हिरवा, उग्र वास बोटांना दिवसभर राहतो, तो मला आवडतो.

आणि मोरचूद. ते विष आहे, म्हणून कुलपात असतं. एक लिटरला पाच ग्रॅम मोरचूद, पाच ग्रॅम चुना, शेतातल्या एक टक्का मिश्रणाच्या निम्मं, कारण टोमॅटोचं कोवळं पान त्याहून जास्त सोसत नाही. दोन वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत, धातूच्या नाही. मोरचुदाचं निळं पाणी चुन्याच्या पांढऱ्या पाण्यात हळूहळू ओतायचं, काठीने ढवळत. मधे आकाशी रंगाची साय फिरते. मग स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, नाहीतर पानं जळतात. फडक्यातून गाळून त्याच दिवशी संपवायचं. वर्षभरात दोनदा किंवा तीनदाच, कारण तांबं मातीत साठत जातं आणि मग तिथून जात नाही. फवारलेली फळं चोळून धुतल्याशिवाय घरात कुणी खात नाही.

गेल्या हिवाळ्यात पाचपैकी एक झाड गेलं. चार राहिली. हे माझ्यामुळे की त्या वर्षी नोव्हेंबर कोरडा गेला म्हणून, ते मी सांगू शकत नाही. मामेभावाला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, अजून दहा वर्षं कर, मग बोलू.

आज संध्याकाळी गच्चीवर गेले तेव्हा वाऱ्याची दिशा बदलली होती. दिवसभराचं ऊन गेलं आणि सिंहगडाच्या बाजूने ढग उतरले. पानं उलटून बघितली, खालची, मधली, दाट भागातली. पांढरं काही नव्हतं, एकही डाग नव्हता. सगळी पानं हिरवी, कोरडी, स्वच्छ. साडेनऊला फोन वाजला.

"ताई, तिकडं आभाळ कसंय?"

"भरलंय."

"इकडंही. आम्ही पहाटे पाचला पंप काढतोय."

मी काकूंना मेसेज केला, मोरचूद मोजून ठेवलं आणि चुना रात्रीच भिजत घातला.